व्हिएन्नाचा ३६५ युरोचा पास: गाड्या खरंच त्याने कमी झाल्या का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की व्हिएन्नात वर्षाला ३६५ युरोत म्हणजे रोज एका युरोत मेट्रो-ट्रॅम-बस सगळं फिरता येतं, त्यामुळे लोकांनी गाड्या सोडल्या, मग पुण्यातल्या तुमच्या नागरिक मंचाने महापालिकेकडे तसाच स्वस्त पास मागावा का. मागा, जरूर मागा. पण निवेदन टाईप करायच्या आधी हे वाचा. मी इथे व्हिएन्नात २०१० पासून हेच काम करतोय, पार्किंग आणि बस-ट्रॅमचं प्लॅनिंग, त्यात पार्किंगच जास्त, ज्यात ग्लॅमर शून्य. बाहेरून बघायला येणारा प्रत्येक पाहुणा, मग तो जर्मन नगरसेवक असो की आपल्याकडचा अधिकारी, पहिला प्रश्न त्या ३६५ चाच विचारतो आणि पार्किंगबद्दल बोलायला लागलो की चहा शोधायला लागतो.

आधी एक छोटी दुरुस्ती. ३६५ आता राहिले नाहीत. मे २०१२ ला हा दर आला, त्याआधी वार्षिक पास ४४९ युरोचा होता, आणि जवळजवळ चौदा वर्षं तो ३६५ वर गोठवून ठेवला. जानेवारी २०२६ पासून तो ४६० च्या वर गेलाय. मधल्या काळात महागाई किती झाली ते बघता हे कधीतरी होणारच होतं, आकडा एकदा घोषणा होऊन बसला की त्याला हात लावायला कुठलाही राजकारणी धजावत नाही, त्यामुळे वाढ आली ती एकदम आली आणि लोकांना झोंबली.

आता मुख्य मुद्दा. शहरातल्या एकूण फेऱ्यांपैकी किती टक्के कशाने होतात, याची व्हिएन्नात नियमित पाहणी होते. १९९३ मध्ये सार्वजनिक वाहतूक २९ टक्के होती आणि गाडी ४० टक्के. २०११ मध्ये सार्वजनिक ३७, गाडी २९. आता तारखा बघा, स्वस्त पास आला २०१२ ला. म्हणजे उलटापालट व्हायची ती बहुतेक सगळी पास यायच्या आधीच झालेली होती! पास आल्यावर २०१२ ला सार्वजनिक वाहतूक ३९ झाली, आणि २०१९ ला, म्हणजे कोविडच्या आधी, ३८. सात वर्षांत जागच्या जागी.

पण मग पासधारक तर दुपटीहून जास्त झाले ना, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे, २०११ ला पावणेचार लाखाच्या आसपास होते ते २०१८ ला आठ लाखांच्या पुढे गेले, शहरात नोंदवलेल्या कारपेक्षाही पास जास्त झाले, त्याची पोस्टरं लागली, बातम्या झाल्या. गंमत अशी की हे नवे पासधारक मोठ्या प्रमाणात जुनेच प्रवासी होते. जे आधी महिन्याचा पास काढायचे, आठवड्याचा काढायचे, सुटी तिकिटं घ्यायचे, त्यांनी हिशोब केला आणि वार्षिक घेतला. माझ्या तेव्हाच्या घरमालकीणबाई, वय सत्तर, आयुष्यभर ट्रॅमनेच फिरलेल्या, त्यांनी पण घेतला. आकडेवारीत एक पासधारक वाढला, रस्त्यावरची एकही गाडी कमी झाली नाही कारण बाईंकडे गाडी कधी नव्हतीच.

याचा अर्थ पास फालतू आहे असं अजिबात नाही. वार्षिक पास खिशात असला की माणूस प्रत्येक फेरीला तिकिटाचा विचार करत नाही, पाऊस आला दोन स्टॉपसाठी चढला. गरीब घराला मोठा आधार होतो. पण स्वस्त पासने गाडीवाला गाडीतून उतरतो हे मात्र नाही. गाडीवाल्याला रोजचे एक-दोन युरो वाचवायचेच नसतात हो, तो दार उघडल्याबरोबर गाडी आणि ऑफिसच्या दारात जागा यासाठी गाडी घेऊन जातो. त्यातली ऑफिसच्या दारातली जागा काढून घेतली की तो विचार करायला लागतो, त्याआधी नाही.

आणि व्हिएन्नाने नेमकं तेच केलं, हळूहळू, तीस वर्षांत.

सुरुवात १९९३ ला पहिल्या वॉर्डात. इथे तेवीस वॉर्ड आहेत, बेत्सिर्क म्हणतात, पहिला म्हणजे मधला जुना भाग, आपल्या पेठा समजा. नियम साधा होता: वॉर्डात राहणाऱ्याला गाडीच्या काचेवर लावायला एक स्टिकर, त्याला पार्कपिकर्ल म्हणतात, थोडे पैसे भरून ते लावा आणि आपल्या वॉर्डात रस्त्यावर कुठेही गाडी लावा. बाहेरच्याने मात्र तासावर पैसे भरायचे आणि तेही ठरावीक वेळेपुरतंच, मग गाडी हलवायची. म्हणजे सकाळी आठला येऊन संध्याकाळी सहापर्यंत ऑफिसखाली गाडी टाकून ठेवायचा धंदा बंद. १९९५ ला लगतचे सहावा ते नववा वॉर्ड आले, मग बाकीचे आतले, आणि नंतर बरीच वर्षं गाडा तिथेच अडला.

तो पुढे कसा सरकला ते सांगतो, कारण याच्यात मी स्वतः पाय झिजवलेत. एका वॉर्डात नियम लागला की बाहेरून येणारे लगतच्या, नियम नसलेल्या वॉर्डात गाडी लावायचे आणि तिथून ट्रॅम पकडायचे. त्या वॉर्डातल्या लोकांना संध्याकाळी स्वतःच्या घराखाली जागा मिळेना. मग ते ओरडायला लागायचे. पहिल्या वर्षी ओरड असायची 'आम्हाला ते स्टिकर नको', आणि दोन-तीन वर्षांनी तीच मंडळी 'आमच्याकडे स्टिकर कधी?' आमचं काम काय, तर हिवाळ्यात पहाटे पाचला आणि मग परत अकराच्या सुमारास ठरवून दिलेल्या गल्ल्यांतून चालायचं आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर लिहून घ्यायचा. व्हिएन्नाची पाटी डब्ल्यूने सुरू होते, आजूबाजूच्या जिल्ह्यांची वेगळी, म्योडलिंगची एमडी, गेन्झर्नडॉर्फची जीएफ, कोर्नॉयबुर्गची केओ. पहाटे सगळी डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू, आणि अकरा वाजता त्याच गल्लीत एमडी, जीएफ, केओची जत्रा. हा कागद वॉर्डाच्या सभेत ठेवला की निम्मं भांडण तिथेच मिटायचं, कारण तोपर्यंत प्रत्येकजण शेजाऱ्याच्या दुसऱ्या गाडीला शिव्या देत असायचा.

अठरावा वॉर्ड, वेरिंग, हे यातलं बघण्यासारखं उदाहरण. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिमेकडच्या वॉर्डांना नियम लागला तेव्हा वेरिंगने नाही म्हटलं, तिथल्या लोकांचा कौलही नाहीच्या बाजूने होता. मग शेजारच्या वॉर्डांमधून हाकललेल्या सगळ्या गाड्या वेरिंगमध्ये. चार वर्षं काढली आणि २०१६ ला वेरिंगने स्वतःहून स्टिकर घेतलं. पुढे फावोरिटेन २०१७, झिमरिंग २०१८, डोब्लिंग २०१९ आणि शेवटी १ मार्च २०२२ पासून जवळजवळ अख्खं शहर: सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते रात्री दहा, बाहेरच्याला जास्तीत जास्त दोन तास, तेव्हा तासाला २.२० युरो. स्थानिकाला तेव्हा महिन्याला दहा युरोचं स्टिकर, वर थोडी ऑफिस फी. दहा युरो! माझ्या मते हे फारच स्वस्त होतं, रस्त्यावरची बारा चौरस मीटर जागा महिन्याला दहा युरोत जगात कुठे मिळते, पण हे इथे चारचौघांत बोलायची सोय नाही.

आता २०१२ चं कॅलेंडर एकदा नीट बघा, कारण जग त्यातलं एकच पान फाडून घेऊन गेलंय. मार्चमध्ये अर्ध्या तासाचं पार्किंग ६० सेंटवरून १ युरोवर, एका झटक्यात. मेमध्ये वार्षिक पास ३६५, आणि त्याच दिवशी सुटं तिकीट १.८० वरून २ युरो झालं आणि विनातिकीट दंड ७० वरून १०० वर गेला. इथे मेट्रोला फाटक नाहीये, उघडं स्टेशन, कोणीही चालत आत जातं, मधेच तपासनीस चढतात ज्यांना लोक अजून श्वार्झकाप्लर म्हणतात म्हणजे काळ्या टोपीवाले, टोप्या जाऊन जमाना झाला तरी. तर जूनमध्ये कंपन्यांवरचा कर वाढला, त्याबद्दल खाली लिहितो, आणि ऑक्टोबरमध्ये पश्चिमेकडच्या पाच वॉर्डांना पार्किंगचा नियम. गोड एक, कडू पाच. राजकारण म्हणून बघितलं तर पक्कं काम होतं. २०१० च्या निवडणुकीनंतर सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन पक्ष पहिल्यांदा एकत्र आले होते, ग्रीनवाल्यांनी प्रचारात १०० युरोच्या वार्षिक पासचं बोललं होतं, शंभर परवडणार नव्हते म्हणून तडजोडीत ३६५ निघाले. रोज एक युरो. या आकड्यामागे वाहतुकीचं कुठलंही गणित नव्हतं, तो कानाला बरा लागतो म्हणून ठरला.

लोक विचारतात मग लंडन-स्टॉकहोमसारखा शहरात शिरायचा टोल का नाही लावला. विचारलं होतं ना! फेब्रुवारी २०१० ला शहराने लोकांचा कौल घेतला, पाच प्रश्न होते, त्यात एक टोलचा. तीन चतुर्थांशहून जास्त लोकांनी नाही म्हटलं. त्याच कौलात शुक्रवार-शनिवारी रात्रभर मेट्रो चालवायला मात्र हो म्हटलं आणि ती त्याच सप्टेंबरला सुरूही झाली. मी तेव्हा नुकताच आलेलो, मला वाटलं संपलं, आता गाड्यांचं काही होत नाही. माझे वरिष्ठ म्हणाले, टोल म्हटलं की लोकांना कोणीतरी खिशात हात घालतंय असं वाटतं, स्टिकर म्हटलं की कोणीतरी आपली जागा राखून ठेवतंय असं वाटतं, आणि परिणाम बाहेरून येणाऱ्यावर दोन्हीचा जवळपास तोच. मला हे वाक्य तेव्हा चलाखीचं वाटलेलं. आता वाटतं की अख्खा विषय त्यात आला.

कंपन्यांवरच्या कराचं आपल्याकडे कोणी बोलतच नाही म्हणून जरा सांगतो. १९७० पासून व्हिएन्नात नोकरी देणाऱ्या प्रत्येक मालकाला दर कर्मचाऱ्यामागे दर आठवड्याला एक ठरावीक रक्कम भरावी लागते, मेट्रो बांधण्यासाठी म्हणून सुरू झालेला हा कर, बोलीभाषेत यू-बान टॅक्स. बरीच वर्षं ७२ सेंट होता, जून २०१२ ला २ युरो केला. वर्षाचे १०४ युरो दर माणशी, पंचावन्नच्या वरचे आणि आठवड्याला दहा तासांपर्यंत काम करणारे वगैरे वगळून. कर्मचाऱ्याच्या पगारातून नाही, मालकाकडून. यामागचा युक्तिवाद सरळ आहे, कामगार सकाळी वेळेवर पोचतो याचा फायदा सगळ्यात जास्त कोणाला, तर मालकाला. बांधकामाचा खर्च शहर आणि केंद्र सरकार निम्मा-निम्मा उचलतात ते वेगळं, पार्किंगचा पैसा कायद्यानेच वाहतुकीच्या कामांवर खर्च करायचा असतो तेही वेगळं. म्हणजे पास स्वस्त ठेवायला मागे तीन-चार नळ चालू आहेत. नळ नसताना नुसता पास स्वस्त केला असता तर दोन वर्षांत बसची संख्या कमी करायची वेळ आली असती.

आणि सगळ्यात आधी मेट्रो-ट्रॅम वेळेवर यायला लागते हो. १८९८ ला ओट्टो वाग्नर या वास्तुविशारदाच्या आराखड्याने बांधलेली श्टाटबान ही शहरी रेल्वे, तिच्याच मार्गावर आज यू४ आणि यू६ या मेट्रो लाईन पळतात, हिरव्या लोखंडाचे कठडे आणि स्टेशनं तीच. नवी मेट्रो १९७८ ला यू१ च्या पहिल्या टप्प्याने सुरू झाली. यू५ नावाची लाईन मात्र कित्येक दशकं नव्हतीच, यू४ नंतर थेट यू६, नवीन माणूस नकाशावर शोधत बसायचा, आता कुठे तिचं बांधकाम चालू आहे. आणि इतर शहरांनी ट्रॅम उखडून टाकल्या तेव्हा व्हिएन्नाने बहुतेक ठेवल्या. मुंबईची शेवटची ट्रॅम १९६४ ला गेली, आमचे आजोबा सांगायचे. इथे दिवसा मेट्रो तीन ते पाच मिनिटांनी येते, त्यामुळे वेळापत्रक कोणी बघतच नाही. हे वेळापत्रक न बघणं, माझ्या मते, किमतीपेक्षा दसपट महत्त्वाचं.

झेश्टाटचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. शहराच्या पूर्वेला डॅन्यूबपलीकडे आस्पर्नचा जुना विमानतळ होता, त्या जागेवर नवी वस्ती वसवायचं ठरलं. यू२ मेट्रो तिथे ऑक्टोबर २०१३ ला पोचली. राहायला पहिले लोक आले २०१४ च्या शेवटी. म्हणजे वर्षभर मेट्रो अक्षरशः क्रेन आणि चिखलात जाऊन परत यायची, आम्ही त्यात बसून टिंगल करायचो, एका डब्यात मी आणि एक कुत्रा असं एकदा झालेलं. पण माणूस नव्या घरात सामान टाकतो त्याच आठवड्यात तो रोजचं कसं जायचं ते ठरवतो, एकदा गाडी घेतली की पुढची दहा वर्षं तो गाडीवालाच. तिथे घरांखाली प्रत्येकाची पार्किंगची जागा पण नाहीये, घरांच्या संख्येपेक्षा कमी जागा आणि त्याही सामायिक गॅरेजमध्ये, चालत जायचं. मेट्रो दारात आणि गाडी दोन गल्ल्या पलीकडे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं हे तुम्हाला सांगायला नको, आधी टॉवर, त्यात दर फ्लॅटला दोन पार्किंग, मग पंधरा वर्षांनी मेट्रोचे खांब.

मारियाहिल्फर श्ट्रास, खरेदीचा मुख्य रस्ता, गाड्यांना बंद केला त्यावर बरंच लिहिलं गेलंय म्हणून थोडक्यात. २०१३ ला प्रयोग, व्यापाऱ्यांचा आरडाओरडा, २०१४ ला सहाव्या-सातव्या वॉर्डातल्या रहिवाशांचा कौल, ५३.२ टक्के बाजूने, २०१५ ला काम पूर्ण. आज विरोध केलेला दुकानदार शोधून सापडत नाही, सगळे म्हणतात आम्ही पहिल्यापासून बाजूनेच होतो. ५३ टक्के म्हणजे काठावर पास हे मात्र विसरू नका.

इथे सगळं सोन्याचं आहे असंही समजू नका. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानातल्या लोबाऊ नावाच्या भागाखालून हायवेचा बोगदा काढायचा वाद कित्येक वर्षं चाललाय. २०२१ ला केंद्राच्या मंत्री लेओनोरे गेव्हेस्लर यांनी तो थांबवला, शहराचे सत्ताधारी त्यावर चिडले, आंदोलकांनी जवळच्याच दुसऱ्या रस्त्याच्या साईटवर महिनोन्महिने तंबू ठोकले, आणि २०२५ ला नव्या मंत्र्यांनी प्रकल्प परत वर काढला. एकीकडे जगाला टिकाऊ वाहतुकीचे धडे देणारं शहर आणि दुसरीकडे बोगदा, असंय ते. कोविडनंतर ड्रायव्हर मिळेनात म्हणून काही ट्रॅम-बसच्या फेऱ्या विरळ कराव्या लागल्या, तेव्हा स्टॉपवर आठ-दहा मिनिटं थांबणाऱ्या माणसाला पास स्वस्त असल्याचं काडीचं कौतुक नव्हतं. आणि बाहेरच्या जिल्ह्यातून गाडीने येणारे अजूनही येतातच, कारण त्यांच्या गावातून शेवटची बस संध्याकाळी सातला. त्यांना आपण इथे पार्किंगमधून हाकललं पण तिकडे पुरेशी ट्रेन दिली नाही, ही आमची सगळ्यात मोठी चूक असं मला वाटतं, आणि ती शहराच्या हद्दीबाहेर घडते म्हणून शहराच्या सुंदर आकड्यांत दिसतच नाही.

आता पुण्याचं. तुमच्याकडे २०१८ ला महापालिकेत पार्किंग धोरण आलं होतं, विरोध झाला, मग ते पाच रस्त्यांपुरतं उरलं आणि तिथेही अडकलं. माझं ऐकाल तर निवेदनात पासची मागणी दुसऱ्या नंबरवर टाका. एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, चांगलीच गोष्ट, पण ज्या गावात दिवसाला दोनच गाड्या तिथे अर्ध्या तिकिटाने तिसरी येत नाही ना.

पहिल्या नंबरवर काय? तुमच्या भागातल्या चार गल्ल्या निवडा, शाळांना सुट्टी नसलेला मंगळवार किंवा बुधवार बघा. पहाटे पाच ते सहा एकदा आणि सकाळी अकरा ते बारा एकदा चालत जा आणि उभ्या प्रत्येक चारचाकीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहा, फोटो काढू नका, लोक भांडायला येतात, वहीच बरी. आपल्याकडे एमएच-१२ वरून गल्ली कळत नाही, म्हणून दोन वेळा मोजायचं. दोन्ही वेळेला असलेली गाडी म्हणजे हलतच नाही, घरची, कदाचित महिनोन्महिने उभी. फक्त पहाटे असलेली म्हणजे रहिवाशाची, कामाला गेली. फक्त अकराला असलेली म्हणजे बहुतेक बाहेरून आलेली. दुचाक्या वेगळ्या मोजा, नाहीतर वही संपेल. एका माणसाला साधारण तीनशे मीटर, दोन्ही बाजू, त्याहून जास्त देऊ नका, कंटाळून अंदाजे आकडे लिहायला लागतात, मी स्वतः लिहिलेत पहिल्या हिवाळ्यात. झालं की एक्सेलमध्ये टाका आणि पाठवा, तीन रकान्यांत विभागून देतो, मग त्यातून नगरसेवकाला काय विचारायचं ते बोलू.